दुष्काळाची चाहूल

निसर्गाकडून मनुष्यावर येणाऱ्या आपत्तींत दुष्काळाची जात निराळी आहे. भूकंप क्षणांत येतो व क्षणांत जातो. महापूर एका रात्रींत गांव धुऊन नेतो. वादळाची वार्ता फार तर चार दिवस आधीं लागते. दुष्काळ मात्र पायीं चालत येतो. मृग कोरडा गेला, हस्ताचा पाऊस चुकला, पेठेंत जोंधळ्याचा भाव चढला, वाण्यानें उधारी बंद केली, गुरें बाजाराला निघालीं आणि शेवटीं माणसें निघालीं, अशी त्याची एकेक पायरी असते. आणि पहिलीपासून शेवटचीपर्यंत पोंचण्यास त्याला सहा-आठ महिने तरी लागतात. इतक्या सावकाश येणारा शत्रु वेशींत उभा राहीपर्यंत राज्यकर्त्यांस दिसूं नये, हें हिंदुस्थानच्या इतिहासांतील एक मोठें कोडें आहे. गेल्या दीडशें वर्षांत हा धोका आधीं ओळखण्याचे व तोलून पाहण्याचे जे प्रयत्न आपल्या देशांत झाले, त्यांची हकीकत येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. हवामान पालटत आहे, यापुढें अवर्षण व अतिवृष्टि दोन्ही वाढतील, असें शास्त्रज्ञ सांगत असतां जुना इतिहास उगाळण्यांत काय हंशील, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, धोका मोजावयाचा म्हणजे नेमकें काय मोजावयाचें, हा प्रश्न या इतिहासांत जितका उघडा पडला आहे तितका तो दुसरीकडे क्वचितच पडला असेल.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पर्जन्य मोजण्यासाठीं कुंड ठेवावें असें सांगून निरनिराळ्या देशांचें पर्जन्यमान द्रोणांत दिलें आहे. जांगल देशास सोळा द्रोण, अवंतीस तेवीस, अपरान्तांत म्हणजे कोंकणपट्टींत अमित, आणि गोदावरीकांठच्या अश्मकांस जांगलाहूनही कमी. मराठवाड्याच्या नशिबाचा हा फार जुना दाखला म्हणावयास हरकत नाहीं. पण आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही कीं, हें कुंड कोष्ठागारांत ठेवावयाचें होतें. पावसाचें माप आणि धान्याचें माप एकाच छपराखालीं, एकाच राजपुरुषाच्या नजरेसमोर असावें, अशी ती योजना होती. पुढें हा सांधा निखळला. पावसाचा विचार पंचांगांतील संवत्सरफलाकडे आणि नक्षत्रांच्या वाहनांकडे गेला. धान्याचा विचार सावकाराच्या वहींत राहिला. बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें अक्षय्यतृतीयेस घट मांडून, त्याभोंवतीं ठेवलेल्या धान्यांवरून वर्षाचें भाकीत आजही केलें जातें व तें ऐकावयास दुरून शेतकरी येतात. सुशिक्षितांनीं त्याला हंसण्यापूर्वीं पुढें येणारी सरकारी भाकितांची हकीकत वाचून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.

मध्ययुगांतील दुष्काळांविषयीं आपणांजवळ आठवणी आहेत, मोजमापें नाहींत. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षें टिकला अशी आख्यायिका आहे. १६३० ते १६३२ या वर्षांतील दुष्काळानें गुजरात व दख्खन उजाड झाला. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जातांना वाटेवर पाहिलेल्या प्रेतांचें व ओस गांवांचें वर्णन लिहून ठेविलें आहे, आणि याच दुष्काळांत तुकोबांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली असें परंपरा सांगते. संकट आलें, जें नेावयाचें तें त्यानें नेलें, आणि कीर्तनांतून व बखरींतून त्याचें नांव उरलें. त्याची चाहूल घेणें हें राज्याचें काम आहे, ही भावना या काळांत ठळकपणें आढळत नाहीं.

ती भावना निर्माण झाली १८७६ च्या दुष्काळानें. आणि तीही राज्यकर्त्यांच्या मनांत आधीं झाली असें नाहीं. त्या वर्षीं पहिला पाऊस बेताचा झाला आणि सप्टेंबर-आक्टोबरांत दख्खनच्या पठारावर आभाळानें पाठ फिरविली. रब्बीची ज्वारी हें सोलापूर, नगर, सातारा, विजापूर या टापूचें खरें पोटाचें पीक. तें हातचें गेलें. आगगाडी नुकतीच सोलापुरावरून रायचूरकडे जाऊन मद्रासेच्या मार्गाला मिळाली होती. तिच्यामुळें धान्य हवें तेथें पोंचेल व दुष्काळ ही भूतकाळची गोष्ट होईल, असा त्या काळच्या अर्थशास्त्राचा भरंवसा होता. धान्य आलेंही. पण आगगाडी धान्य आणते त्याच वेगानें नेतेही, आणि ज्याच्या हातीं पैसा नाहीं त्याच्या दारावरून पोत्यांनीं भरलेले डबे नुसते निघून जातात, हें त्या वर्षीं लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. देशांतून होणारी धान्याची निर्यातही थांबविण्यांत आली नाहीं. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस लॉर्ड लिटन यांचा दरबार भरला, तेव्हां दक्षिणेंत लोक कामें शोधीत रस्त्यांवर आले होते.

याच महिन्यांत सर रिचर्ड टेंपल यांस मद्रास व मुंबई इलाख्यांची पाहणी करण्यास पाठविण्यांत आलें. या गृहस्थांची कथा मोठी बोधप्रद आहे. तीनच वर्षांपूर्वीं बिहारांतील दुष्काळांत यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून इतकी सढळ व्यवस्था केली होती कीं माणसें मेलीं नाहींत म्हटलें तरी चालेल. बक्षीस काय मिळालें, तर उधळेपणाचा ठपका. धोका इतका मोठा नव्हताच, नाहीं तर माणसें मेलीं असतीं, असा टीकाकारांचा युक्तिवाद होता! संकट टाळलें म्हणजे तें खोटें ठरतें, ही अडचण धोका ओळखणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास येते. टेंपल साहेबांनीं तिच्यावर काढलेला तोडगा मात्र भयंकर होता. या खेपेस त्यांनीं काटकसरीची कमाल केली. दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर मिठामिरचीपुरते किरकोळ पैसे, एवढ्यावर माणूस जगूं शकेल असें त्यांनीं ठरविलें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं याला कसून विरोध केला व तेथें तें प्रमाण वाढवावें लागलें. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामेंच सोडलीं. उपाशी माणसांनीं संप करावा, ही घटना जगाच्या इतिहासांत फारशी आढळणार नाहीं.

या संपाच्या पाठीशीं पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. १८७० सालीं स्थापन झालेल्या या सभेचें नांव आपण राजकारणाच्या इतिहासांत वाचतों. आम्हांस तिची त्या दोन वर्षांतील एक वेगळी कामगिरी अधिक मोलाची वाटते. गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांनीं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. पीक किती आलें, भाव काय आहे, गुरें किती उरलीं, लोक कोठें गेले, कामावर मिळणाऱ्या मजुरींत पोट भरतें कीं नाहीं, अशी ती माहिती होती. आणि तिचे वृत्तान्त तयार करून त्यांनीं ते सरकारकडे एकामागून एक धाडले. सभेजवळ पर्जन्यमापक नव्हता, वायुभारमापक नव्हता. तिनें माणसें मोजलीं. आपल्या देशांत धोक्याचें शिस्तवार मोजमाप करण्याचा पहिला प्रामाणिक प्रयत्न आमच्या मतें हाच होय, आणि तो कोणत्याही शास्त्रीय खात्यानें केलेला नाहीं. दुष्काळ सरला तेव्हां ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांतच पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावल्याचें खुद्द सरकारी आयोगास मान्य करावें लागलें.

एवढ्या संहारानंतर कारण शोधण्याची धडपड सुरू झाली, आणि ती दोन वाटांनीं गेली. पहिली वाट आकाशाची. सरकारी आंकडेखात्याचे प्रमुख विल्यम विल्सन हंटर यांनीं १८७७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्यानें कमीअधिक होतात आणि ते कमी असले म्हणजे मद्रासेकडे पाऊस कमी पडून दुष्काळ येतो. सिद्धान्त मोठा सोईचा होता. दोष सूर्यावर गेला म्हणजे सचिवालयावर येत नाहीं. पण त्याच वर्षीं जनरल रिचर्ड स्ट्रॅची यांनीं मद्रासच्या पावसाचेच आकडे तपासून हा संबंध सिद्ध होत नाहीं असें दाखविलें. वाचकांनीं स्ट्रॅची हें नांव लक्षांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

हवामान खातें १८७५ सालीं निघालें होतें. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांची नजर सूर्याऐवजीं हिमालयाकडे गेली. वसंतऋतूंत पर्वतावर उशीरापर्यंत बर्फ पडून राहिलें, तर उत्तरेकडून कोरडे वारे सुटून मान्सून दुबळा होतो, असें त्यांचें अनुमान. १८८४ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें व ४ जून १८८६ रोजीं हिंदुस्थानच्या पावसाचें पहिलें रीतसर दीर्घ मुदतीचें भाकीत निघालें. त्यांच्यामागून आलेले जॉन इलियट यांनीं बर्फाच्या जोडीस हिंदी महासागर, आस्ट्रेलिया, मॉरिशस यांचीं लक्षणें घेतलीं. भाकिताचा कागद वर्षागणिक लांब होत गेला. १८९९ सालीं त्यांनीं चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्या वर्षीं असें अवर्षण पडलें कीं विक्रम संवत् १९५६ वरून गुजरातेंत व राजस्थानांत तें अद्याप छप्पनचा काळ म्हणूनच ओळखलें जातें. पुढें कांहीं वर्षें हीं भाकितें गुप्त ठेवून फक्त अधिकाऱ्यांस देण्यांत येत होतीं. चुकलें तर निदान चारचौघांत चुकूं नये, हा त्यांतला शहाणपणा!

१९०४ सालीं खात्याचीं सूत्रें गिल्बर्ट वॉकर यांच्या हातीं आलीं. हे केंब्रिजचे नामांकित गणिती. फेंकल्यावर परत येणाऱ्या बूमरँगच्या गतीवर त्यांनीं लिहिलेलें होतें, हवामानशास्त्राचा मात्र त्यांस गंधही नव्हता. आम्हांस वाटतें, हेंच त्यांच्या उपयोगी पडलें. मान्सूनचें कारण काय, या वादांत न शिरतां त्यांनीं जगभरच्या ठाण्यांचे वायुभार, तपमान, पाऊस यांचे वर्षानुवर्षांचे आकडे मागविले व हिंदी कारकुनांच्या मोठ्या ताफ्याकडून त्यांचे परस्परसंबंध गणितानें काढून घेतले. त्या आंकडेमोडींतून त्यांस एक प्रचंड झोका दिसला. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला कीं हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही होतें. या दक्षिणी आंदोलनास त्यांनीं १९२४ सालीं नांव दिलें. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीं ब्येर्कनेस यांनीं त्याचा पेरूच्या किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या उष्णतेशीं, म्हणजे एल् निनोशीं, सांधा जुळविला. आणि मागें वळून पाहतां १८७७ व १८९९ हीं दोन्ही एल् निनोचीं वर्षें होतीं असें आढळलें. शास्त्राच्या इतिहासांत हा शोध थोर आहे यांत शंका नाहीं. पण वॉकर आले होते दुष्काळाचें भाकीत करण्यास, आणि तें काम त्यांच्या हातून फारसें झालें नाहीं. एका कालखंडांत पक्के दिसणारे संबंध पुढच्या कालखंडांत सैल पडत. खात्याचे पुढील प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनीं तर असें म्हटलें कीं, मान्सूनवरून जगांतील पुढच्या ऋतूंविषयीं जितकें सांगतां येतें, तितकें आधींच्या ऋतूंवरून मान्सूनविषयीं सांगतां येत नाहीं. पुणेकरांस यांत घरचा एक दुवा आहे: १९२८ सालीं या खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें, आणि तें १९४४ सालीं दिल्लीस गेल्यालाही कितीतरी वर्षें लोटलीं, तरी शिवाजीनगरचा तो चौक सिमला ऑफिसच्याच नांवानें ओळखला जातो.

दुसरी वाट जमिनीवरची. १८७८ सालीं नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष होते तेच रिचर्ड स्ट्रॅची, ज्यांनीं सूर्याच्या डागांचा सिद्धान्त खोडून काढला होता. आयोगानें १८८० सालीं सांगितलें तें थोडक्यांत असें: अवर्षणानें पीक बुडतें हें खरें, पण माणूस मरतो तो देशांत धान्य नाहीं म्हणून नव्हे, शेतांत काम नाहीं म्हणून मजुरी नाहीं, आणि मजुरी नाहीं म्हणून विकत घेण्याचें बळ नाहीं, म्हणून तो मरतो. या निदानावरून १८८३ सालीं दुष्काळसंहितेचा मसुदा निघाला व प्रान्तोप्रान्तीं त्याच्या आवृत्त्या झाल्या.

या संहितेंतील धोक्याच्या चिन्हांची यादी पुढच्या आयोगांच्या हातून अधिक रेखीव होत गेली, आणि ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. धान्याच्या व्यापारांत अचानक धांदल उडणें. पत आटणें, म्हणजे सावकारानें हात आखडणें. भिक्षेकऱ्यांचे तांडे वाढणें, कारण दात्यांच्याच घरांत दाणा उरलेला नसतो. चोऱ्या व दरोडे वाढणें. गुरांचे कळप नेहमींच्या वाटा सोडून चाऱ्यासाठीं हिंडूं लागणें. आणि माणसांची अनोळखी दिशेनें चाल. खेड्यांतील कोणतीही म्हातारी सांगेल अशाच या गोष्टी आहेत. परंतु म्हातारीचें शहाणपण कलेक्टराच्या टेबलावर कायद्याच्या रूपानें आलें, हें त्या संहितेचें श्रेय आहे. आणखी एक तरतूद होती कसोटीच्या कामांची. संशय येतांच एखाद्या ठिकाणीं खडी फोडण्याचें काम काढावयाचें, मजुरी अगदीं कमी ठेवावयाची, आणि किती लोक येतात तें पाहावयाचें. लोक लोटले तर दुष्काळ आहे. न आले तर नाहीं. उपाशी माणसाच्या अंगावर दुष्काळ पारखून घेण्याची ही पद्धत निष्ठुर होती, यांत वाद नाहीं. पण ती खोटें बोलत नसे. आकाशाचें भाकीत ज्या वर्षीं सपशेल चुकलें, त्या वर्षींही खडीच्या ढिगावरची गर्दी खरेंच सांगत होती.

मग संहिता असतांनाही माणसें कां मेलीं? चिन्हें वाचणारा डोळा आणि खर्चाला मंजुरी देणारा हात हे एकाच शरीराचे होते, म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळांत टिळकांनीं केसरींतून व सार्वजनिक सभेच्या माणसांकरवीं लोकांस समजावून दिलें कीं, संहितेनें सरकारवर टाकलेलीं हीं कर्तव्यें तुमचे हक्क आहेत. सरकारच्याच कायद्याचें मोठ्यानें वाचन करणें हें सरकारास इतकें झोंबलें कीं, १८९७ सालीं सभेशीं व्यवहार ठेवण्याचेंच त्यानें नाकारलें. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचें मूळही धोक्याच्या मोजमापांतच आहे. पीक चार आण्यांच्या आंत आलें तर त्या वर्षाचा सारा तहकूब करावा असा नियम. रयत म्हणे पीक चार आण्यांखालीं आहे, अधिकारी म्हणत वर आहे. शेत एक, पीक एक, आणि आणेवारी दोन! महाविद्यालयांत हा भाग शिकवितांना विद्यार्थी सत्याग्रहाचीं तत्त्वें पाठ म्हणून दाखवितात. आणेवारी म्हणजे काय हें विचारलें कीं वर्ग गप्प होतो. वस्तुतः गांधीजींनीं गांवोगांव पिकांची जी चौकशी करविली, ती सभेच्या १८७७ च्या वृत्तान्तांच्याच कुळांतली आहे.

बंगालचें १९४३ सालचें उदाहरण सर्वांत काळें. त्या दुष्काळाला अवर्षण हें कारणच नव्हतें. ब्रह्मदेश पडल्यामुळें तिकडचा तांदूळ बंद झाला होता, आक्टोबर १९४२ मध्यें मेदिनीपुरावर चक्रीवादळ आलें होतें, भातावर रोग पडला होता, आणि युद्धाच्या खर्चानें भाव भडकले होते. संहितेंतील एकूण एक चिन्ह कलकत्त्याच्या पदपथांवर उघडें पडलेलें असतां दुष्काळ जाहीर करण्यांत आला नाहीं. कारण जाहीर केला तर संहितेनें ठरविलेला शिधा द्यावा लागला असता, आणि तो देण्याइतकें धान्य हातीं नाहीं, असें कारभाऱ्यांचें म्हणणें पडलें. सरकारी चौकशीनें मृत्यूंचा आकडा पंधरा लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनीं तो तीस लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं या दुष्काळाची जी चिकित्सा केली, ती स्ट्रॅचींच्या आयोगाचें निदान आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेंत अधिक खोल नेणारी आहे असें आम्हांस वाटतें.

याच्या उलट चित्र महाराष्ट्रानें १९७२-७३ सालीं दाखविलें. त्याआधीं एक गमतीची गोष्ट सांगावयास हवी. १९६३ सालीं आपल्या राज्यानें कायदा करून राज्यांतील सर्व कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला होता. शब्द गेला, तरी नऊ वर्षांनीं अवर्षण आलें, लागोपाठ तिसरें. १९७२ चा मान्सूनही एल् निनोच्या छायेंतला होता. विहिरी तळाला गेल्या, जनावरें बाजारांत मातीमोलानें गेलीं, शहरांत रेशनवर तांबडा मिलो आला आणि कामावर सुकडी वांटली गेली. आमच्या वयाच्या वाचकांच्या घरांत या दोन शब्दांची आठवण अजून असेल. पण पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांचीं कामें गांवोगांव निघालीं आणि १९७३ च्या मे महिन्यांत त्यांवर सुमारें पन्नास लाख माणसें होतीं. १८७७ सारखा संहार झाला नाहीं. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना या कसोटींतून तावून निघाली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यास तिचाच आदर्श मिळाला. कामावर येणारी गर्दी हेंच दुष्काळाचें माप, ही जुनी कसोटी तिच्यांत होती. मात्र मजुरी सरकारची मेहेरबानी न राहतां मजुराचा हक्क झाली.

आतां पुन्हां आकाशाकडे वळूं. वरील हकीकतीवरून आम्ही हवामानशास्त्राचे विरोधक आहों असा समज कोणी करून घेऊं नये. १९९९ च्या ओरिसांतील चक्रीवादळांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. २०१३ सालीं त्याच किनाऱ्यावर फायलिन आलें, तेव्हां आधीं सूचना मिळून सुमारें दहा लाख लोकांस हलविण्यांत आलें आणि मृत्यु शंभराच्या आंत राहिले. चार दिवसांच्या भाकिताची ही शक्ति आहे. चार महिन्यांच्या भाकिताची गोष्ट वेगळी. १९९७ सालीं शतकांतल्या बलवत्तर एल् निनोंपैकीं एक उद्भवला, आणि भारतांत पाऊस सरासरीहून किंचित् अधिकच पडला. २००२ सालीं सोळा लक्षणांच्या गणितावरून सरासरीइतक्या पावसाचा अंदाज निघाला. प्रत्यक्षांत शेंकडा ८१ पडला व जुलै महिन्याचा पाऊस तर निम्म्यावर आला. २००९ सालीं एप्रिलांतलें भाकीत शेंकडा ९६ चें होतें, पडला तो ७८.

त्यांत आतां हवामान-बदलाची भर पडली आहे, आणि ती विशेष प्रकारची आहे. धोका मोजण्यासाठीं एक स्थिर पट्टी लागते. पावसाच्या बाबतींत ती पट्टी म्हणजे दीर्घ काळाची सरासरी. हीच पट्टी सरकत आहे. १९५१ ते २००० या काळावरून देशाच्या नैर्ऋत्य मान्सूनची सरासरी ८९ सेंटिमीटर धरीत असत. १९६१ ते २०१० वरून ती ८८ झाली. १९७१ ते २०२० वरून ८७. यांतला कांहीं भाग स्वाभाविक चढउताराचा असेल. पण पट्टी आंखूड झाली कीं तीच तूट कागदावर लहान दिसते, हें तर खरें. दुसरें असें कीं, एकूण बेरीज पुरी भरूनही वर्ष बुडूं शकतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेतील संशोधक व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. पाऊस थोड्या दिवसांत पडतो आणि मधले आठवडे कोरडे जातात. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें प्यावयाचें पाणी न्यावें लागलें, त्याच मराठवाड्यांत सप्टेंबर २०२५ मध्यें पुरानें उभीं पिकें व खालची माती वाहून नेली. सरासरीच्या हिशेबांत हीं दोन वर्षें एकमेकांची भरपाई करितात. शेतकऱ्याच्या हिशेबांत तीं एकमेकांवर चढतात.

अशा वेळीं राज्यव्यवस्थेनें कोणतें माप हातीं घेतलें आहे? २०१६ सालीं केंद्र सरकारनें दुष्काळ-व्यवस्थापनाची नवी नियमावली काढली. ती वाईट नाहीं. तलाठ्यानें बांधावरून नजर टाकून लिहिलेल्या आणेवारीच्या किंवा पैसेवारीच्या जागीं तिनें पावसाची तूट, सलग तीन-चार आठवड्यांची उघडीप, पेरणीचें क्षेत्र, उपग्रहांतून दिसणारी हिरवाई, जमिनींतील ओल, जलाशयांतील सांठा हीं मापें आणलीं. अधिकाऱ्याच्या लहरीस त्यामुळें आळा बसला. २०१८ सालीं तिच्याच आधारें महाराष्ट्रांत १५१ तालुके दुष्काळग्रस्त ठरले. पण या मापांचा क्रम पाहावा. पहिला दरवाजा पावसाचा. त्यांतून तालुका आंत गेला तर पुढचे दरवाजे पीक, हिरवाई, ओल यांचे. आणि मजूर नेहमींपेक्षां वेगळ्या वाटेनें चालले आहेत काय, मजुरी काय आहे, धान्याचा भाव काय आहे, कामाची मागणी किती आहे, या गोष्टी राज्यांनीं ध्यानांत घ्याव्या अशा इतर बाबी म्हणून शेवटीं येतात. १८८० च्या आयोगानें आकाशाकडून जमिनीकडे वळविलेली नजर उपग्रहाच्या मार्गानें पुन्हां आकाशांत गेली आहे. उपग्रहाला हिरवें शेत दिसतें. त्या शेतावर किती कर्ज आहे तें दिसत नाहीं.

जुनी यादी जशीच्या तशी परत आणा, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं, कारण तिच्यांतलीं कांहीं चिन्हें आतां बोथट झालीं आहेत. माणसांची चाल हें त्यांतलें मुख्य. बीड जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं टोळ्या निघतात त्या पाऊस झाला तरी निघतात आणि न झाला तरी निघतात. जें एके काळीं संकटाचें लक्षण होतें तें वर्षाचा क्रम होऊन बसलें आहे. गांव ओस पडलेलें पाहून आज कोणताही अधिकारी दचकणार नाहीं. तेथें पाहावयाचें तें मुकादमाच्या वहींत: कोयत्यामागें उचल किती घेतली, ती कोणत्या महिन्यांत घेतली, मागील वर्षाची किती फिटावयाची राहिली, आणि या वर्षीं जोडप्याबरोबर शाळेंतलें पोर नेलें कीं आजीपाशीं ठेविलें.